मानपत्राचा मूळ कागद

मनू,

तुझ्या नावाचा फ्लेक्स मी चौकात लावू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी नागनाथ भाऊजी मजकूर घेऊनच आले होते. तुझ्या ह्या काकांनी दुकानाच्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहून आणलं होतं. तुझं पूर्ण नाव, जन्मतारीख, हुद्दा, खातं, ज्या ज्या देशांत राहिलास त्यांची नावं, आणि खाली 'शोकाकुल' म्हणून सूनबाई आणि मुलं, ती कुठल्या शहरात असतात त्यासकट. मी तांबडं पेन घेतलं आणि एकेक ओळ खोडत गेले. भाऊजी नुसते बघत राहिले. शेवटी तुझा फोटो आणि 'आमचा मनू' एवढंच राहिलं.

"वैनी, मग ह्यात उरलं काय?" ते म्हणाले.

मी म्हटलं, त्याला आवडलं नसतं.

"गाव काय म्हनल? हितं पडलेल्या उमेदवाराचा बी बोर्ड लागतोय. आपला एवढा मोठा साहेब गेला अन् चौकात एक बोर्ड न्हाई. अन् आवडायचं म्हनाल तर त्याला शाल तरी कुठं आवडली व्हती?"

बोलून गेले आणि पावती खिशात घालू लागले. त्या शालीबद्दल आपल्या घरात सहा वर्षांत कोणी अवाक्षर काढलेलं नव्हतं.

म्हणून आता मीच काढते. बोलते तुझ्याशी, पण हे वाचणार आहेत तुझी दोन मुलं, थोरली आणि धाकटा. त्यांची नावं लिहीत नाही. कुठे असतात तेही नाही. तू असतास तर म्हणाला असतास, चला, आई शिकली एकदाची. त्यांना मराठी वाचता येतं पण जोडाक्षरांशी अडखळतात, म्हणून वाक्यं लहान ठेवते. त्यांचा बाप सहा वर्षं त्यांच्यापासून लांब का राहिला, हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळायला हवं. आणि तुला एक प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचा राहून गेला, तोही इथेच विचारते.

'मनू' हे नाव मात्र लिहिते. घरातलं नाव, पहिली शाळा, आजोळचं गाव कुठेही लिहू नका, असं तू सगळ्यांना बजावायचास. लोक संगणकाला त्याच शब्दांची कुलपं लावतात आणि चोराला ते ठाऊक असतं. आता त्या नावानं उघडेल असं कुठलं कुलूप राहिलं आहे? आजोळही लिहून टाकते. चुडावा.

माझे वडील तिथे स्टेशनमास्तर होते. ते रेल्वेत होते म्हणून मी सिकंदराबादला इंग्रजी शाळेत शिकले, आणि म्हणूनच सोनपेठला कापडदुकानदाराच्या घरात पडूनही हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत राहिले. तू पाच-सहा वर्षांचा असशील, उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण चुडाव्याला होतो. एकेरी रूळ. गाडीला पुढच्या स्टेशनापर्यंत जायचं तर ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा द्यायचा. चामड्याच्या पिशवीत घातलेला, मोठ्या कड्याला अडकवलेला. गोळा ज्याच्याकडे, रूळ त्याचा. तू आजोबांना विचारलंस, गोळा हरवला तर? ते म्हणाले, "मग गाडी उभी. आत कितीही मोठा साहेब बसलेला असो." त्या दिवशी जुनं मोडकं कडं गळ्यात घालून तू अंगणभर फिरलास आणि जेवायला बसतानाही ते काढेनास.

पुढे तू काय काम करतोस हे मला कळायला बरीच वर्षं लागली. गावाला तर कळलंच नाही. निम्मे लोक तुला राजदूत समजायचे आणि निम्मे संगणक दुरुस्त करणारा. एक बाई नातवाचा बंद पडलेला मोबाईल घेऊन आली होती आणि तू तो तिला चालू करून दिलास. तू मला सांगायचास ते असं: आपल्या देशाच्या परदेशांत जेवढ्या कचेऱ्या आहेत, तिथून दिल्लीला निरोप जातात आणि दिल्लीहून तिकडे. ते ज्या वाटेनं जातात ती वाट, त्या वाटेवरचे संगणक आणि त्यांची कुलपं माझ्याकडे. प्रत्येक टेबलावर दोन संगणक, एक सगळ्या जगाशी जोडलेला, दुसरा फक्त आपल्या माणसांशी. दोघांची गाठ कधी पडू द्यायची नाही.

हे तर सोपं आहे, मी म्हटलं होतं. तू हसलास.

"दोन विहिरी खणणं सोपं असतं, आई. पण माणसं एकच पोहरा दोन्हीकडे सोडतात."

कारकुनाला घाई असते, साहेब ताटकळलेले असतात, तो बिचारा ह्या संगणकातलं त्या संगणकात घेऊन जातो. आळशी माणसाची मला भीती वाटत नाही, मदत करणाऱ्याची वाटते, असं तू म्हणायचास. मला ते वाक्य तेव्हा गमतीचं वाटलं होतं. घरी आलास की दारातल्या कोनाड्यात सगळ्यांचे फोन ठेवायला लावायचास आणि भाऊजी कुरकुरायचे. चपला बाहेर, फोन बाहेर, आता जीभ बी बाहेर काढून ठिवू का, म्हणायचे.

तुझा फोन दर रविवारी सकाळी साडेदहाला यायचा. ह्या देशातून असो की त्या देशातून, आमचे साडेदहा तू चुकवले नाहीस. फोन ठेवला की मी वही काढत असे. दोनशे पानी, तांबड्या पुठ्ठ्याची. तारीख घालायची आणि तू काय काय म्हणालास ते लिहायचं. खोकला बरा आहे का, मुलांची परीक्षा कधी, नवीन घरात ऊन येतं का. कामाचं तू फारसं बोलत नसायचास. पण एका रविवारी एक शब्द निसटायचा, तीन रविवारांनी दुसरा. एकेकटा धरला तर त्यात काहीच नव्हतं. मी मात्र ते सगळं एका जागी, ओळीनं, तारीखवार लिहून ठेवत होते. अशा सहा वह्या झाल्या.

सहा वर्षांपूर्वी तू सुट्टीवर आलास. सूनबाईला तिकडच्या इस्पितळात नोकरी लागली होती, मुलं तिकडच्या शाळेत रुळली होती, आणि दिल्लीतलं एक मोठं काम उरकलं की तुझीही बदली पुन्हा तिकडेच होणार होती. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी तुझा सत्कार ठरवला. तू नको नको म्हणत होतास. शेवटी शाल, श्रीफळ आणि दहा मिनिटं, ह्यावर कबूल झालास.

मानपत्र आहे हे तुला माहीत नव्हतं. ते मी लिहिलं होतं. तीन दुपारी सहाही वह्या पसरून बसले होते. इतरांच्या मानपत्रांत नुसती विशेषणं असतात, कर्तव्यदक्ष काय, मनमिळाऊ काय. आपल्यात माहिती असेल, ह्याचा मला गर्व होता. कोणत्या वर्षी कोणता देश. कोणाच्या हाताखाली शिकलास. निरोपांची जी नवी व्यवस्था तू बसवत होतास तिचं नाव. येत्या काही महिन्यांत ती बसवायला कोणकोणत्या कचेऱ्यांत जाणार, तेही क्रमानं. सगळं माझ्या अक्षरात, जाड कागदावर, शाईच्या पेनानं. खाली माझं नाव आणि पुढे स्वल्पविराम देऊन 'आई'.

मी ते माईकवर वाचलं. मध्येच मान वर करून तुझ्याकडे पाहिलं. वाटलं होतं, तुझे डोळे भरून आले असतील. तू माझ्याकडे पाहतच नव्हतास. लोकांनी फोटोसाठी मोबाईल वर धरले होते ते मोजत होतास. तुझे ओठ हलताना मला दिसले.

खाली उतरल्यावर शाल खांद्यावर तशीच ठेवून तू विचारलंस, ह्याच्या प्रती किती काढल्या. मी म्हटलं, पंचवीस, आणि भाऊजींनी सकाळीच फोटो काढून सगळीकडे पाठवलाय. तू "बरं" म्हणालास.

दुसऱ्या दिवसापासून तू दुकानोदुकानी फिरलास. लोकांना मजा वाटत होती. "मनू साहेब, फोटो लय झकास आलाय की, कशाला पुसायलाव?" असं म्हणत ते चहा मागवायचे. तू हसायचास, चहा प्यायचास आणि फोटो पुसून घेतल्याशिवाय उठायचा नाहीस. कागदाच्या प्रतीही गोळा केल्यास. तेवीस परत आल्या. दोन कोणाकडे गेल्या ते सांगता येईना. फोटो किती गेले ते तर कोणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मी बोलले. सहा वर्षं मी ते वाक्य गिळायला बघते आहे.

"तुझ्या बापानं चाळीस वर्षं दारात उभं राहून कापड विकलं. जे होतं ते लोकांसमोर उलगडून दाखवलं. तुझं काम असं कसलं की आईनं चार चांगले शब्द लिहिले तर पुसत फिरावं लागतं?"

तू भाकरीचा तुकडा मोडलास.

"चांगलं लिहायला हरकत नव्हती, आई. तू खरं लिहिलंस."

मला तो उद्धटपणा वाटला. मी ताट उचलून आत गेले. तो वाद तिथेच राहिला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. शेवटचा तुकडा तर गेल्या आठवड्यात. सत्कारानंतर चार महिन्यांनी, दूरच्या एका कचेरीतल्या कारकुनाला तुझ्या नावानं एक खोटी मेल आली. त्यात गावच्या सत्काराचा उल्लेख होता, आईनं वाचलेल्या मानपत्राचा होता. तू जाणार त्या कचेऱ्यांची नावं होती, बरोबर त्याच क्रमानं. सोबत तुझ्या दौऱ्याचं वेळापत्रक जोडलेलं होतं, कृपया पाहून ठेवावे म्हणून. कारकून मदत करणाऱ्यांतला होता. त्यानं ते उघडलं. मग त्या दारातून आत काय शिरलं, बाहेर काय गेलं आणि किती दिवस जात राहिलं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. आता कळणारही नाही.

चौकशीला घरी दुसरं कोणी येऊ नये म्हणून तू स्वतः आलास. भर दुपारी, परभणीहून एसटीनं. हातपाय धुऊन माझ्यासमोर बसलास आणि कागद काढलास. मला आधी कळलंच नाही की हा जबाब चालू झाला. मजकूर कोणी लिहिला? मी. प्रती कुठे काढल्या? बाजारात, झेरॉक्सच्या दुकानात. फोटो कोणी पाठवला? मी म्हटलं, लक्षात नाही. तू मान वर केलीस. मी म्हटलं, भाऊजींनी. तू ते लिहिलंस.

"ही माहिती तुला कोणी दिली?"

"तू," मी म्हटलं. "दर रविवारी."

तू तेही लिहिलंस. जसंच्या तसं. आणि मी, वर, खात्री करायची तर वह्या आहेत म्हणून सहाही वह्या आणून टेबलावर ठेवल्या. तुझ्यासमोर कागदावर सही केली, माझी नेहमीची, घोटीव. शाई वाळेपर्यंत तू कागद हातात धरून बसलास. मला वाटलं, पोरगा दमलाय.

मी कशावर सही केली हे मला पुढे कितीतरी महिन्यांनी उमगलं. 'आठवत नाही' एवढं म्हटलं असतं तरी कदाचित वेगळं झालं असतं. पण तू ते लिहून घेतलं नसतंस. खोटं उत्तर फळ्यावर सुद्धा राहू द्यायचं नाही, हे तुला शिकवणारी मीच.

निघताना तू वह्या मागितल्यास. मी दिल्या नाहीत. ह्या माझ्या आहेत, सरकारच्या नाहीत, म्हणाले. तू म्हणालास, मग पुढे लिहू तरी नको. मी म्हटलं, नाही लिहिणार. रागानं म्हटलं आणि रागानंच पाळलं. सातवी वही कोरी ठेवली ती आजपर्यंत.

काही आठवड्यांनी तू फोनवर सांगितलंस, आता दौरे नाहीत, दिल्लीतच राहायचं, परदेशी जाणाऱ्या नव्या अधिकाऱ्यांना शिकवायचं. तिकडची बदली रद्द झाली. मी म्हणाले, "बरं झालं. एका जागी राहशील." मनू, हे मी म्हणाले. मुलं एका खंडात, बाप दुसऱ्या खंडात, वर्षातून दोन आठवडे भेट, आणि मी म्हणाले, बरं झालं. सूनबाईनं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर सोपं गेलं असतं.

त्यानंतरही रविवारचा फोन चुकला नाही. पण तो चार मिनिटांचा झाला. जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाऊस आहे का. एकही शब्द निसटत नव्हता. आणि जे बोलायचास ते मी लिहीत नव्हते. त्यामुळे आज माझ्याजवळ तुझ्या लग्नाआधीच्या एका रविवारी तुला आलेल्या तापाची नोंद आहे, पण गेल्या सहा वर्षांतला एकही रविवार नाही. तुझा शेवटचा फोन मी आठवून आठवून पाहते. त्यात पाऊस होता की गोळी होती, तेही सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला तू आला होतास तेव्हा मी धीर करून विचारलं होतं. दुपारची वेळ होती, तू कोनाडा पुसत होतास. ते सगळं माझ्या कागदामुळे का, असं सरळ विचारलं.

"आई, ते प्रकरण बंद झालं."

मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. सरकारी भाषा मला कळते. प्रकरण बंद होतं म्हणजे दप्तर बांधून वर ठेवतात. त्यातल्या कोणाला कोणी माफ केलं असा त्याचा अर्थ नसतो. मला तेवढंच हवं होतं. तू मला माफ केलंस, की नुसतं प्रकरण बंद केलंस? पुन्हा विचारू म्हटलं, पण तेवढ्यात तू माझ्या टेबलाशी आलास. पेन्शनच्या कागदावरचा आधार नंबर मी काळ्या पेनानं झाकत होते. तू कागद उचललास आणि खिडकीशी नेऊन उजेडाकडे धरलास. सगळे आकडे लख्ख दिसत होते.

काळ्या शाईनं काही झाकत नाही, तू म्हणालास. आधी झाकायचं, मग झेरॉक्स काढायची, आणि द्यायची ती झेरॉक्स. "मूळ कागद फाडायचा, आई. मूळ कागद कधी ठेवायचा नाही." झेरॉक्स काढून आणल्यावर तू तो माझ्याच हातून फाडून घेतलास, चार तुकडे. त्या दिवशी तू माझ्याशी सगळ्यात जास्त वेळ बोललास ते ह्या विषयावर.

आता तू गेलास. कचेरीच्या जिन्यात, दुपारी. कसा गेलास आणि गावी कोणी आणलं हे मुलांना माहीत आहे. त्यांना वेळेत पोचता आलं नाही. भाऊजींनी फोन धरून त्यांना सगळं दाखवलं. आपल्या लिंगायतांत निजवून नेत नाहीत, बसवून नेतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. फोनमधून धाकट्याचा आवाज आला, "आजी, बाबा बसलेत का?" मी म्हटलं, हो बाळा, बसलेत.

तुझ्या गळ्यात नेहमी दोन गोष्टी असायच्या. एक जन्मानंतर बांधलेलं इष्टलिंग, आणि दुसरी कचेरीची पट्टी, तिला ओळखपत्र आणि किल्लीएवढं एक यंत्र, जे लावल्याशिवाय तुझा संगणक उघडत नसे. पट्टी न्यायला दिल्लीहूनच एक जण बरोबर आला होता. अदबीनं वागला, माझी सही घेतली, पाकिटात घालून पाकीट बंद केलं. मग जंगमांनी तुझ्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं आणि एकेक बोट मिटवलं. एक परत गेलं, एक तुझ्याबरोबर गेलं. मला चुडाव्याचं स्टेशन आठवत होतं. गोळा परत घेतला, गाडी उभी.

गेल्या आठवड्यात दिल्लीहून एक मुलगी आली. तुझ्या हाताखाली शिकलेली, मग तुझ्याबरोबरच काम करणारी. मराठी तिला येत नव्हती, आम्ही इंग्रजीत बोललो. तुझ्या खणातल्या वस्तू तिनं आणल्या होत्या. चष्मा, जेवणाचा डबा, एक स्वेटर, आणि एक लिफाफा. लिफाफ्यावर तुझ्या अक्षरात 'घरचं' लिहिलेलं होतं, म्हणून कचेरीनं तो तुझ्या सामानात घातला. चहा घेता घेता ती तुझ्याबद्दल सांगत होती. प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी तू एक झेरॉक्स वाटायचास म्हणे. हातानं लिहिलेला मराठी कागद, बहुतेक ओळींवर काळ्या पट्ट्या. उरलेले शब्द तू इंग्रजीत सांगायचास आणि विचारायचास, हा माणूस कोण, कुठे जाणार आहे, ओळखा. कोणाला ओळखता यायचं नाही. मग तू सांगायचास की ह्या पट्ट्या नव्हत्या तेव्हा काय झालं, तो कारकून, ती मेल, सगळं. आणि विचारायचास, चूक कोणाची? कोणी कारकुनाची म्हणे, कोणी फोटो पाठवणाऱ्याची. बहुतेक म्हणत, लिहिणाऱ्याची.

मी विचारलं, मग सर काय म्हणायचे?

ती म्हणाली, "सर म्हणायचे, लिहिणाऱ्याचं अक्षर बघा. इतकं नीट लिहिणारं माणूस कानावर पडेल ते नीटच लिहिणार. चूक सांगणाऱ्याची आहे. काय सांगायचं ते त्यानं आधी ठरवायला हवं होतं." मग ती म्हणाली, आम्ही सरांना विचारलं, हे लिहिलंय कोणी, तर म्हणाले, माहीत नाही.

जाताना मी तिला माझ्या यादीत नाव लिहायला सांगितलं. कोण कोण भेटायला येऊन गेलं, कुठल्या गावाहून, ते मी लिहून ठेवते आहे. तिनं पेन घेतलं, वाकली, आणि थांबली. यादीतल्या माझ्या अक्षराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पेन खाली ठेवून ती म्हणाली, मॅडम, मी नाव नाही लिहिलं तर चालेल? मी म्हटलं, चालेल.

ती गेल्यावर लिफाफा उघडला. आत मानपत्र होतं. झेरॉक्स नव्हे, माझ्या हातचा तो पहिला जाड कागद, घड्यांवर मऊ पडलेला. प्रत्येक पट्टी फूटपट्टी लावून मारलेली, एकही रेघ वाकडी नाही. नावं, वर्षं, देश, कचेऱ्या, सगळ्यांवर काळं. मोकळे राहिले होते ते असे तुटक शब्द: 'हा मुलगा', 'लहानपणी', 'रुळांच्या कडेला', 'कधीही'. मी खाली पाहिलं. माझ्या नावावर पट्टी होती. स्वल्पविरामानंतरच्या 'आई'वरही होती.

तो दिवस मी त्या पट्टीकडे बघण्यात घालवला. सहा वर्षं, इतक्या तुकड्यांसमोर, तू मला तिच्याखाली ठेवलंस. मला वाचवायला, की मी डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून? दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. ठरवता आलं नाही.

काल रविवार होता. साडेदहाला सवयीनं फोनशेजारी जाऊन बसले. मग उठले आणि कागद घेऊन खिडकीशी गेले. उन्हाकडे धरला. सगळं वाचता येत होतं, मनू. सगळे देश, सगळ्या कचेऱ्या, माझं नाव, आणि 'आई'. तसाच हात वर धरून उभी असताना मला तुझे शब्द आठवले. मूळ कागद कधी ठेवायचा नाही. माझा पेन्शनचा साधा कागद तू माझ्या हातून फाडून घेतला होतास. शिकायला येणाऱ्या तुकड्यांना वाटायला तुला एक झेरॉक्स पुरली असती. तरी हा कागद तू सहा वर्षं खणात ठेवलास, लिफाफ्यात घालून, वर 'घरचं' लिहून.

ह्याला माफी म्हणतात का, मला सांगता येत नाही. तू सांगितलं असतंस तर मी वहीत लिहून ठेवलं असतं. तुझ्या सगळ्या नियमांतला एक नियम तू माझ्या कागदासाठी मोडलास, एवढंच मला कळतं, आणि तेवढ्यावर मला उरलेले रविवार काढायचे आहेत.

मुलांना ह्या पत्रासोबत मानपत्राची झेरॉक्स पाठवते आहे. बाळांनो, तिच्यावर पट्ट्यांखालचं काही दिसणार नाही, उजेडाकडे धरलीत तरी नाही. नागनाथ आजोबांसारखं तुम्हीही विचाराल, ह्यात उरलं काय. इथे याल तेव्हा खिडकीशी उभं करून दाखवीन. सकाळी साडेदहाला ऊन बरोबर येतं.

मूळ कागद मी ठेवला आहे. तो फाड म्हणणारं आता घरात कोणी नाही.